ओपन स्पेसवरच्या देवरे मॅडम

नाशिकमध्ये नवी कॉलनी पडते तेव्हा आधी प्लॉट विकले जातात, मग रस्ते आखले जातात, मग नावाची कमान उभी राहते, आणि सगळ्यात शेवटी जी जागा कुणालाच नको असते तिला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. नियमाप्रमाणे ती सोडावीच लागते. मग नाल्याच्या काठची, विजेच्या मोठ्या तारेखालची, नाहीतर तीन रस्त्यांच्या बेचक्यात अडकलेली त्रिकोणी जागा शोधून ती सोडली जाते आणि नकाशात हिरवी रंगवली जाते. नकाशात हिरवी, जागेवर बाभळी आणि बांधकामाचा राडारोडा. असल्या जागांच्या बागा करणं हे महापालिकेतल्या आमच्या विभागाचं काम आहे. शहर वाढतंय तशा ह्या हिरव्या तुकड्यांच्या फायलीही वाढतायत, आणि आमच्या कपाटांना आता दारं लागत नाहीत.

परवा ऑफिसात एक नवी मुलगी रुजू झाली. माझ्या टेबलाशी येऊन तिने विचारलं, “मॅडम, साइटवर बसायचं म्हणजे नक्की काय करायचं?” आणि ‘मॅडम’ म्हटल्यावर मी चक्क मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. आमच्या विभागात मॅडम एकच होत्या, निर्मला देवरे, आणि त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

मॅडम ठेंगण्या, सावळ्या, केसांचा गच्च अंबाडा. अंगावर सुती साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट हा प्रकार ऑफिसात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आलं होतं. ते त्यांना दिसलं. “हस, हस. बाभळीचा काटा हुद्दा बघून टोचत नाही,” एवढंच म्हणाल्या. त्या मूळच्या सटाण्याकडच्या. नवरा ह्याच ऑफिसात सर्व्हेअर होता, तो ऐन तिशीत गेला आणि अनुकंपा तत्त्वावर मॅडम ट्रेसर म्हणून लागल्या. म्हणजे दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पारदर्शक कागदावर गिरवायचे. गिरवता गिरवता त्या शिकल्या. गिरवता गिरवताच त्यांना साहेबांच्या चुका दिसायला लागल्या. “चूक दोनदा गिरवली की पाठ होते,” असं त्या म्हणायच्या. मी आर्किटेक्चरची पदवी आणि त्याच्यावर आणखी एक पदवी घेऊन तिथे गेले होते. ट्रेसरपासून वर आलेल्या बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून घरी मी दोन दिवस फुगून बसले होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

माझा पहिला आराखडा मी कॉम्प्युटरवर रंगवून, झाडांच्या सावल्या पाडून त्यांच्यापुढे ठेवला. नागमोडी पायवाट होती, मला फार अभिमान होता तिचा. मॅडमनी चष्मा चढवला, बोटाने ती वाट गिरवली आणि म्हणाल्या, “का गं, तुझी ही वाट कुठून पिऊन आलीय?”

ऑफिस हसलं. मी तोंड पाडलं. मॅडमनी पिशवी उचलली, पिशवीत एक घडीचं स्टूल, आणि मला म्हणाल्या, “चल.”

त्या दिवशी आम्ही आडगावच्या बाजूला एका मोकळ्या जागेवर गेलो. मॅडमनी स्टूल उघडलं, दुसरं माझ्यासाठी आणलंच होतं. “बठ आठे,” म्हणाल्या. त्या चिडल्या किंवा खूश असल्या की अहिराणीत शिरत. आम्ही बसलो. अर्धा तास झाला, तास झाला. मी विचारलं, “मॅडम, मोजमाप घ्यायचं ना?” तर म्हणाल्या, “घेतेय की.” त्यांच्या वहीत मी डोकावले. ‘दुपारी दोन. धुणंभांडी करणाऱ्या तीन बाया, बाभळीखाली डबा. पाठ रस्त्याकडे. एक म्हातारे, उन्हातून सरळ तिरके गेले, वळले नाहीत. कुत्री चार.’

हीच त्यांची पद्धत. प्रत्येक जागेवर एकाच दिवशी तीनदा बसायचं. सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि दिवेलागणीला. कोण येतं, कुठून येतं, कुठे थबकतं, कुठे थुंकतं, सगळं वहीत. त्यानंतर पेन्सिल. “आधी बसायचं, मग आखायचं. आपले लोक आधी आखतात आणि मग आयुष्यभर बसतात,” हे त्यांचं लाडकं वाक्य. नव्या साहेबांसमोरही त्या ते म्हणत, आणि साहेब खुर्चीत जरा सरळ होऊन बसत.

बाक कुठे ठेवायचा ह्यावर मॅडम आठवडा घालवत. दुपारी चारचं ऊन कुणाच्या डोळ्यांत जाईल, पाठीमागून मोटारसायकल आली तर बसलेली बाई दचकेल का, तिथून खेळणारं पोर दिसेल का. पुढाऱ्यांना बागेत उंच शोभेची पामची झाडं हवी असत. मॅडम गोड हसून म्हणत, “लावू की साहेब. फक्त त्यांची सावली शेजारच्या वॉर्डात पडते, तेवढं त्या वॉर्डवाल्यांना कळवावं लागेल.” पाम वाचत नसे. त्याच्या जागी कडुनिंब येई.

नाशिकला सगळं आयुष्य काढून मिसळ न आवडणारी मी पाहिलेली ही एकमेव बाई. साइटवरून येताना सगळे मिसळीच्या हॉटेलाशी गाडी थांबवत आणि मॅडम गाडीतच डबा उघडत. कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माझ्या हातावर अर्धी भाकरी ठेवल्याशिवाय त्या पहिला घास घेत नसत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. डब्याबरोबर पाण्याची बाटली असायची, आणि ती संध्याकाळी भरलेलीच घरी जायची.

पाथर्डी फाट्याच्या पुढे एक मोठी द्राक्षबाग होती. ती तोडली, तिथे कॉलनी झाली आणि कॉलनीचं नाव ठेवलं द्राक्षवेल नगर. आमच्याकडे जे तोडतात त्याचंच नाव देतात. तिथली ओपन स्पेस कधी नव्हे ती चांगली होती, चौकोनी, सपाट, मधोमध एक जुना कडुनिंब. मॅडमना निवृत्त व्हायला पाच-सहा महिने राहिले होते. ती फाईल आली तशी त्यांनी ती बगलेत मारली आणि म्हणाल्या, “ही माझी शेवटची. हिच्यात मला बायकांचं शौचालय पाहिजे. बाकी तुम्हाला जे करायचं ते करा.”

मला वाटलं, ठीक आहे, आराखड्यात एक चौकोन वाढेल. मागच्या कोपऱ्यात, कुंपणाला लागून, मेंदीचा आडोसा करून मी तो काढलाही. मॅडमनी तो खोडरबराने पुसला. कारण विचारलं तर म्हणाल्या, “आधी बसू.”

त्याआधी लोकसहभागाची सभा झाली. फॉर्मवर ‘नागरिकांच्या सूचना’ असा रकाना असतो, तो भरायचा म्हणून सभा. देवळाच्या सभामंडपात पुरुष पुढे, बायका मागे खांबाला टेकून. कॉलनीचे पुढारी अण्णा. माणूस तसा मोकळा, कुणाच्याही मयताला पहिला हजर. त्यांचा बंगला नेमका त्या जागेसमोर. अण्णांना कारंजं हवं होतं, बागेच्या मधोमध, गाण्यावर नाचणारं, रंगीत दिव्यांचं. बाकीच्यांनी जॉगिंग ट्रॅक, ओपन जिम आणि सेल्फी पॉइंट मागितला. मॅडम मागे वळून म्हणाल्या, “ताई, तुम्हाला काय पाहिजे?” बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. एक म्हणाली, “हे म्हणतात तेच बरोबर आहे.”

मॅडमनी शौचालयाचा विषय काढला. मंडपात एकदम अस्वस्थपणा. कुणी म्हणालं वास येईल, कुणी म्हणालं माझ्या घरासमोर नको. अण्णा हात जोडून म्हणाले, “मॅडम, बाग कशाला असते? मन प्रसन्न करायला. लोक काय तिथं संडास बघायला येणार का? आणि सगळे इथलेच आहेत, घर दोन मिनिटांवर. कुणाला लागणारे?” सगळे हसले. मागच्या बायकाही पदराआड हसल्या. आमचे साहेब वाईट नव्हते, त्यांना फक्त कारंजी आवडायची. त्यांनी वहीत लिहून घेतलं, ‘शौचालय, मागणी नाही.’

ते वाक्य वहीत बघून मॅडमचा चेहरा असा उतरला की मला भीतीच वाटली.

सभा सुटल्यावर आम्ही दोघी जागेवर गेलो. उन्हं कलली होती. कडुनिंबाखाली पोरं खेळत होती. मी म्हटलं, “मॅडम, एवढं काय त्यात? दुसऱ्या बागेत करू.” मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते, कारण मला ते पाठ झालंय.

“माझी पहिली बाग होती ना, द्वारका चौकाच्या अलीकडची, तिच्यात मी भांडून बायकांचं शौचालय केलं होतं. टाइल्स लावल्या, आरसा लावला. घाण होऊ नये म्हणून कुलूप लावलं आणि किल्ली वॉचमनकडे ठेवायला सांगितली. मीच सांगितलं. फार हुशारी वाटली होती मला माझी. वर्षाने तपासणीला गेले तर आतल्या टाइल्स नव्याकोऱ्या. एकही बाई गेली नव्हती. मी शेरा लिहिला, वापर नाही, मागणी नाही. सही केली. मग तिथं खुरपी न् पाइप ठेवायला लागले.

“पुढं एकदा त्याच बागेत झाडं बघायला गेले होते. दुपारची वेळ. आणि मला लागली. वॉचमन फाटकाशी बसलेला. माझ्या हाताखालचा माणूस, मला मॅडम मॅडम करणारा. मी दोनदा त्याच्यासमोरून गेले. एकदा बुटाची नाडी बघितल्यासारखं केलं, एकदा फोन आल्यासारखं. पण ‘किल्ली दे’ म्हणायला तोंड उघडेना. चारचौघांत एका पुरुषाकडे किल्ली मागायची, म्हणजे त्याला सांगायचं मी कुठं चाललेय. शेवटी रिक्षा करून घरी गेले. रिक्षात मला रडू आलं, दुखत होतं म्हणून नाही. मी अधिकारी असून मागू शकले नाही, तर भाजीवाली कशी मागेल? आणि मी लिहिलं होतं, मागणी नाही.”

मग त्यांनी पिशवीतली ती भरलेली बाटली माझ्यापुढे धरली. “तेव्हापासून नाही, त्याच्याही आधीपासून. साइटवर जायचं तर सकाळपासून पाणी प्यायचं नाही. दोनदा मुतखडा काढलाय. डॉक्टर रागावतो, मी मान हलवते.”

मलाही त्या दिवशी सकाळपासून तहान लागलेली होती, आणि मीही पाणी प्यायले नव्हते. पदव्या दोन, पण ही गोष्ट आम्हाला कुठल्या वर्गात शिकवली नव्हती. माझा तो मेंदीच्या आडोशाचा चौकोन आठवून मला स्वतःची लाज वाटली.

संक्रांत जवळ आली होती. मॅडमनी एक बेत केला. धुणंभांडी करणाऱ्या बायांबरोबर घरोघर निरोप धाडला, की रविवारी पाच वाजता ओपन स्पेसवर तिळगूळ घ्यायला या, सगळ्याजणी. मी म्हटलं, “हळदीकुंकू ठेवा ना, जास्त येतील.” मॅडम म्हणाल्या, “हळदीकुंकू म्हटलं की निम्म्या बाया घरी राहतात. मी स्वतःच राहिले असते. तिळगुळाला कुणी कुणाचं कपाळ बघत नाही.”

मला फाटकाशी उभं केलं. दोन-तीन पुरुष मोटारसायकलवरून डोकावले. “बायकांचा कार्यक्रम आहे,” म्हटल्यावर गाडी वळवून गेले. एवढं एक वाक्य पुरतं, हे मला तेव्हा कळलं. कॉलनीतल्या आल्या, रस्त्याकडेच्या चाळीतल्या आल्या, फर्निचरवाल्यांच्या शबानाभाभी चार जणींना घेऊन आल्या, आणि काठी टेकत अण्णांच्या आईसुद्धा आल्या. गयाआजी. दोन वर्षांत त्यांना कुणी उंबऱ्याबाहेर पाहिलं नव्हतं.

मॅडमनी सगळ्यांना तिळगूळ दिला. मग वाण. वाण म्हणून काय, तर कागदाच्या पुडीत मूठभर फक्की, मैदान आखायला वापरतात ती पांढरी पूड. बायका बघत राहिल्या. मॅडम म्हणाल्या, “जिथं बसावंसं वाटतं तिथं ठिपका द्या. जिथं शौचालय असावं वाटतं तिथं फुली. नाव कुणाचं लिहिणार नाही. बोलायची गरज नाही.”

आधी खसखस. मग एकीने कडुनिंबाखाली ठिपका दिला. मग सगळ्याच सुटल्या. रांगोळी घालायची सवय असलेले हात, भराभर चालले. पाच मिनिटांत त्या मोकळ्या माळावर पांढरं चांदणं पडलं. आणि फुल्या? फाटकाशी एक नाही. मागच्या कोपऱ्यात, माझ्या मेंदीच्या आडोशाशी, एक नाही. सगळ्या फुल्या कडुनिंबाजवळ, जिथे पोरं खेळत तिथे, खेटून खेटून. नेमक्या अण्णांच्या कारंज्याच्या जागेवर.

मला काही उमगेना. मी शबानाभाभींना विचारलं, “इतकं मधोमध का?” त्या माझ्याकडे बघून हसल्या. “अरे, इधर बच्चे खेलते ना. ‘पोराला बघून येते’ म्हटलं की झालं. कोई पूछता नहीं कहाँ चली. उस कोने में गए तो सब को मालूम, और अंधेरा भी.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वहीत लिहीत होत्या. तीस वर्षं जागेवर बसून जे त्यांना दिसलं नव्हतं ते चार मुठी पुडीने दाखवलं होतं, असं त्या नंतर म्हणाल्या. म्हणाल्या, “बसून काय दिसतं? जी येतच नाही ती बसणाऱ्याला दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, अण्णा, आम्ही दोघी, असे जागेवर. अण्णांनी फुल्या बघितल्या. “हे काय? माझ्या कारंज्यावर काट मारली कुणी?”

“कॉलनीतल्या बायकांनी,” मॅडम म्हणाल्या.

“त्यांना काय समजतंय मॅडम? मी बोलतो त्यांच्याशी.”

तेवढ्यात समोरच्या बंगल्याचं फाटक वाजलं. गयाआजी काठी टेकत रस्ता ओलांडत होत्या. अण्णा धावले. “आई, तू कशाला आली? घरी जा बरं.”

“घरीच हाय की दोन वरीस,” आजी म्हणाल्या. त्या थांबल्या नाहीत, थेट फुल्यांपाशी आल्या. “तू समद्यांला सांगतो, आईला बाहेर यायला आवडत नाय. आवडतं की मला. पण मला शुगर हाय ना रे. घंट्यात दोनदा उठावं लागतं. देवळात बसले न् मधीच लागली तर कुठं पळू? तुझ्या पाया पडून सांगू का बाबा?” मग काठीने एक फुली दाखवली, सगळ्यांत मोठी, वेडीवाकडी. “ही माझी हाय. काठीनं वढली.”

अण्णा आईच्या खांद्यावर हात ठेवून त्या फुलीकडे बघत राहिले. ह्या माणसाने गावभरच्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेलं होतं, आणि स्वतःच्या आईचं एवढं साधं दुखणं त्याला माहीत नव्हतं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण कीवच आली. शेवटी साहेबांकडे न बघताच ते म्हणाले, “कारंजं तिकडं कोपऱ्यात घ्या.”

ते कारंजं आज कोपऱ्यात आहे. आठवड्यातून दोन दिवस नाचतं, बाकीचे दिवस विश्रांती घेतं.

पण काम एवढ्यावर संपत नसतं. मॅडमना पुढचे चार महिने त्या एका चौकोनासाठी इतकं भांडताना मी पाहिलं की मला थकायला व्हायचं. त्यांची मुख्य अट, दाराला बाहेरून कुलूप नको, आतून कडी हवी, आणि देखरेखीला बाई हवी. साहेब म्हणाले, बाईचं पदच मंजूर नाही. मॅडमनी शबानाभाभींचा बचत गट उभा केला. साहेब म्हणाले, कुलूप नसेल तर चोरी होईल. मॅडम म्हणाल्या, “नळ चोरीला गेला तर मी घरचा काढून आणून बसवीन. कुलूप बसणार नाही.” एकदा तर साहेबांच्या केबिनमधून त्यांचा आवाज बाहेर आला, “हाई काय शे? बागेला कुलूप नाही, कारंज्याला कुलूप नाही, बाईलाच का?” सगळं ऑफिस मान खाली घालून काम करायला लागलं. आराखडा मंजूर झाला तो त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात.

निरोप समारंभात त्यांना शाल, श्रीफळ आणि कुंडीतला पाम दिला. पाम कुणाच्या डोक्यातून निघाला कोण जाणे. मॅडम पोट धरून हसल्या. भाषण करायला उठल्या आणि म्हणाल्या, “मला बोलता येत नाही, मला बसता येतं,” आणि बसल्या. जाताना मात्र मला जिन्यात गाठलं, माझं मनगट धरलं. “पोरी, कुलूप लावू देऊ नको.” एवढंच.

मी नसते तिथे लक्ष ठेवून, तर लागलंच असतं. बांधकाम संपत आलं तेव्हा मी गेले तर दाराला बाहेरून जाडजूड कडीकोयंडा. ठेकेदार म्हणाला, “ताई, सगळ्याच दारांना असतो.” मी म्हटलं, काढा. तो म्हणाला, उद्या काढतो. मी पिशवीतून घडीचं स्टूल काढलं आणि दारासमोर बसले. मला रागाने रडू येत होतं, पण हलले नाही. तासाभराने माणूस आला आणि त्याने कोयंडा काढला. भोकं बुजवून घेतली, रंग वाळेपर्यंत थांबले, मगच उठले. मी एवढी हट्टी कधीपासून झाले, हे माझ्या नवऱ्याने विचारलं तेव्हा मी पिशवीतलं स्टूल दाखवलं.

उद्घाटनाला मॅडम आल्या नाहीत. त्यांची तब्येत तेव्हा बिघडली होती. मूत्रपिंडं थकली होती, आयुष्यभर पाणी कमी पडलं असं डॉक्टर म्हणाले. सटाण्याला भावाकडे जायचं ठरलं होतं. कोनशिलेवर पुष्कळ नावं आहेत. त्यांचं नाही. मी साहेबांशी त्यावरून भांडले तर मॅडम फोनवर माझ्यावरच खेकसल्या, “दगडावर नाव मेलेल्यांचं टाकतात. मी अजून आहे.”

मॅडम सटाण्याला जाणार त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी द्राक्षवेल नगरच्या बागेत गेले होते, झोपाळ्याची तक्रार होती म्हणून. बाग भरलेली. कडुनिंबाखाली बायकांचा घोळका, गयाआजी मधोमध, त्यांच्या गप्पांना ऊत आलेला. आणि खेळण्यांशेजारी, त्या बिनकुलपाच्या दारासमोर, सहा-सात जणींची रांग. एकीच्या कडेवर पोर, एकीच्या हातात भाजीची पिशवी, आणि त्यांच्यात, हातात पर्स घट्ट धरून, मॅडम.

किती वाळल्या होत्या. मी पळत गेले. “मॅडम, उभ्या काय राहिलात, थांबा, मी सांगते त्यांना, तुम्हाला आधी जाऊ देतील.”

“गप,” त्या म्हणाल्या. मला दंडाला धरून जवळ ओढलं आणि कानाशी तोंड आणलं. “पाचवी आहे मी. माझ्या मागं दोन आहेत. बघ ना गं, रांग लागलीय.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. मी त्यांचा हात धरून उभी राहिले, तर त्यांनी मला झिडकारलं, “तुझा झोपाळा बघ जा. इथं माझं काम चाललंय.”

मी झोपाळ्याकडे गेले. साखळी तपासली, वहीत लिहिलं. मधूनमधून तिकडे बघत होते. मॅडमचा नंबर आला. त्यांनी मागच्या पोरवालीला पुढे केलं. “जा गं तू, मला घाई नाही.” पुन्हा त्यांचा नंबर आला, त्यांनी भाजीवालीला पुढे केलं. तोवर मागे आणखी दोघी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

अंधारायला लागलं तशी मी निघाले. फाटकातून वळून पाहिलं. मॅडम अजून रांगेतच होत्या, आणि मागच्या बाईला हाताने पुढे सरकवत होत्या.